कुत्र्याच्या छत्र्या आणि नोंदवहीतला रिकामा रकाना

प्रति,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक आणि खासगी पशुवैद्यक

विषय : पावसाळ्यात रानटी अळंबी खाऊन कुत्र्यांना होणारी विषबाधा, तिची चौकशी आणि नोंद

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातील एका वाडीत राहणारा आंबा-काजू बागायतदार आहे. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे जमिनीतून जे काही छत्रीसारखे उगवते, त्याची विभागणी आम्ही लहानपणीच शिकतो : वारुळावरची, लांब मुळाची, श्रावणाच्या आगेमागे येणारी ती खाण्याची अळंबी, आणि बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात एवढेच असावे की ही वस्तू माणसाच्या कामाची नाही. नावातल्या कुत्र्याने ती खाल्ली तर त्याचे काय होते, हे आमच्या वाडीत कोणी कधी विचारलेले मला आठवत नाही. मीही ते विचारले नव्हते.

गेल्या वर्षी तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, आमचा तांबू गेला. चार वर्षांचा, अंगाने तांबूस आणि एका कानाचा कोपरा पिल्लू असतानाच तुटलेला असा तो साधा गावठी कुत्रा होता. पण वानरांचा कळप कलमांत उतरला की त्याच्याइतका उपयोग फटाक्यांचाही होत नसे, आणि रात्री गोठ्याच्या बाजूला काही हलले तर आम्हाला आधी त्याच्यामुळेच कळत असे. रविवारी रात्री एकच्या सुमारास तो पडवीत ओकू लागला. कुत्रे गवत खाते, ओकते आणि बरे होते, हे आयुष्यभर पाहिलेले असल्यामुळे मी उठलो, त्याच्याखाली पोते टाकले आणि पुन्हा झोपलो. पहाटेपर्यंत त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले होते. सकाळी गोणपाटात गुंडाळून त्याला रिक्षाने दवाखान्यात नेले. तेथे सलाईन लावले गेले आणि उलटी थांबवण्याचे इंजेक्शन दिले गेले. सोमवारी संध्याकाळी तो उठून बसला, वाटीभर पेज प्यायला आणि वानरांचा आवाज ऐकून गडग्यापर्यंत जाऊनही आला. मंगळवारी मी फोन करून तो बरा झाल्याचे कळवले, तेव्हा आता आणण्याची गरज नाही असे मला सांगण्यात आले, आणि खरे सांगायचे तर ते ऐकायलाच मी फोन केला होता. बुधवारी दुपारी त्याच्या हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या दिसू लागल्या, शौचातून काळसर रक्त जाऊ लागले, आणि गुरुवारी उजाडण्यापूर्वी तो गेला.

पावसाळ्यात कुत्रे असे गेले की गावात तीन निष्कर्ष तयार असतात : जनावर, म्हणजे साप, चावले, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा रोग) झाला, किंवा कोणीतरी काहीतरी घातले. आम्ही तिसरा निवडला. गडग्यापलीकडे माझा चुलत भाऊ राहतो. तांबूने त्याची एक कोंबडी मारली होती आणि त्यावरून आमची चांगलीच बोलाचाली झालेली होती. भातशेतीत टाकायचे दाणेदार औषध भाकरीत घालून त्याने टाकले असणार, असे प्रथम माझ्या तोंडून निघाले आणि दोन दिवसांत ते सगळ्या वाडीचे मत झाले. गणपतीत आम्ही त्याच्याकडे आरतीला गेलो नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना दोन्ही घरी वेगवेगळे नमस्कार करत फिरावे लागले, आणि आमच्या वडिलांच्या पिढीपासून एकत्र असलेली विसर्जनाची पंगत त्या वर्षी दोन ठिकाणी बसली.

दिवाळीत पुतणी तिच्या फोनमधले पावसाळ्याचे फोटो दाखवत होती. त्यात त्या रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काढलेला एक फोटो निघाला. फणसाखालच्या पातेऱ्यातून पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा एक पुंजका वर आलेला, आणि तांबूचे नाक नेमके त्यात. एक छत्री अर्धी तुटलेली होती आणि त्याच्या ओठाच्या कडेला पांढरा तुकडा चिकटलेला होता. छत्र्या सुंदर दिसत होत्या म्हणून तिने तो फोटो काढला होता. कुत्रा मध्ये आला म्हणून ती त्याच्यावर रागावलीही होती.

हा पुरावा नाही, हे मला कळते. शवविच्छेदन झालेले नव्हते, छत्र्या केव्हाच कुजून गेल्या होत्या आणि फोटोत त्यांचा बुंधा पातेऱ्याखाली दडलेला असल्यामुळे जात ओळखता येण्यासारखी नव्हती. तरीही त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि जे समजले ते वाचून मला पहिल्यांदा तांबूची नव्हे, चुलत भावाची आठवण झाली. आपण अभ्यासक्रमात शिकलेलेच मी आपणांस सांगतो आहे याची मला जाणीव आहे. पण हे पत्र खुले आहे, आणि कुत्रे पाळणाऱ्या माझ्यासारख्यांनीही ते वाचावे अशी इच्छा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

अळंबीच्या विषबाधेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट घड्याळ आहे. खाल्ल्यापासून पाऊण-एक तासात किंवा फार तर दोन तासांत कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, लघवी आणि शौच यांवर ताबा राहिला नाही आणि नाडी मंदावली, तर ते बहुधा मस्करीन नावाचे विष असते, जे इनोसायबी आणि क्लायटोसायबी या प्रजातींतील कित्येक छत्र्यांत आढळते. यावर अट्रोपिन हा थेट उतारा आहे. आता गंमत अशी, आणि ती गंमत नाहीच, की शेतीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झाल्यावर दिसणारी लक्षणे जवळपास हीच असतात आणि अट्रोपिन तेथेही चालते. म्हणजे कुत्रा वाचतो, पण मालक घरी परतताना ‘औषध घातले होते’ असा निकाल बरोबर घेऊन जातो.

एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होणे ही दुसरी तऱ्हा. उष्ण प्रदेशात सर्वत्र, गवताळ अंगणात आणि मैदानात उगवणारी, ताटलीएवढी पांढरी, वर तपकिरी खवले असलेली आणि वय झाल्यावर खालच्या पापुद्र्यांना हिरवट छटा येणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही छत्री याचे नेहमीचे कारण. यात कुत्रा सुकून जातो, पिल्लू असेल तर जिवावरही बेतते, पण वेळेवर सलाईन मिळाले तर बहुतेक कुत्री वाचतात. शेणावर उगवणाऱ्या काही बारीक छत्र्यांत भ्रम निर्माण करणारे द्रव्य असते. ती खाल्लेला कुत्रा लटपटतो, विनाकारण रडतो, भिंतीकडे पाहून भुंकतो. त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दिवसभर सांभाळले की बहुधा उतार पडतो.

खरी भीती उशिरा येणाऱ्या लक्षणांची आहे. अमॅनिटा, लेपिओटा आणि गॅलेरिना या प्रजातींतील काही जातींमध्ये अमॅटॉक्सिन गटाची विषे असतात. ती खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. कुत्रा खातो, खेळतो, भुंकतो. त्यानंतर उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि ते थांबल्यावर मधला एक दिवस, कधी त्याहून थोडा अधिक काळ, तो बरा झाल्यासारखा दिसतो. त्या काळात विष यकृताच्या पेशींत काम करत असते. पेशीला प्रथिने तयार करण्यासाठी आपल्या गुणसूत्रांवरील सूचनांची नक्कल सतत करून घ्यावी लागते; ती नक्कल करणाऱ्या विकराला (एन्झाइमला), म्हणजे आरएनए पॉलिमरेज-२ ला, हे विष जखडून ठेवते आणि पेशी उपासमारीने मरावी तशी हळूहळू मरते. पित्तावाटे आतड्यात उतरलेले विष तेथून पुन्हा रक्तात शोषले जाते आणि पुन्हा यकृताकडे येते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, साखर उतरणे, झटके आणि मृत्यू. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही.

तांबूच्या फोटोची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ यांत सोळा तासांचे अंतर होते. शेतातले दाणेदार औषध सोळा तास वाट पाहत नाही. ते मिनिटांत किंवा थोड्या तासांत काम करते, आणि त्यानंतर कुत्रा पेज पिऊन वानरांच्या मागे जाऊन तिसऱ्या दिवशी पिवळा पडत नाही. त्या गुरुवारी एवढे एक वाक्य मला कोणी सांगितले असते, तर वाडीतली पंगत मोडली नसती.

म्हणून माझी पहिली विनंती चौकशीची आहे. जून ते ऑक्टोबर या काळात ओकणारे, जुलाब होणारे किंवा कावीळ झालेले कुत्रे टेबलावर आले, की आपण जनावर चावल्याच्या खुणा शोधता, गोचिड्या पाहता, लेप्टोची शंका घेता, आणि ते योग्यच आहे. आपल्या भागात फुरसे आहे, त्याच्या विषानेही रक्त गोठेनासे होते; लेप्टोमध्येही उलट्या आणि कावीळ दोन्ही असतात. लक्षणे इतकी एकमेकांत मिसळलेली असल्यामुळेच आणखी दोन प्रश्न विचारले जावेत, असे मला वाटते : परसात, गोठ्यामागे, पेंढ्याच्या उडवीशी किंवा कलमांच्या आळ्यांत छत्र्या उगवल्या आहेत का, आणि कुत्रा शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता. उलट्या लवकर सुरू झाल्या म्हणून धोका टळला असेही धरू नये, कारण कुत्र्याने एकाच सकाळी दोन प्रकारच्या छत्र्या खाल्लेल्या असू शकतात.

दुसरी विनंती त्या फसव्या दिवसाची आहे. अळंबीची शंका असलेला कुत्रा बरा दिसू लागला तरी त्याला निदान तीन-चार दिवस रोज बोलावावे, शक्य असेल तेथे यकृताची आणि रक्त गोठण्याची तपासणी करावी, साखर पाहावी, आणि मालकाला स्पष्ट शब्दांत सांगावे की उद्या तो शेपटी हलवील तरी परवा त्याला घेऊन या. दवाखाना लांब असेल आणि जनावर हलवता येत नसेल, तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक सर्वांना माहीत असावा. आमच्या वाडीत तो फक्त गाई-म्हशींसाठी आहे अशी समजूत आहे. उपचारांबद्दल मी आपणांस काय सांगणार. पण विष आतड्यातून पुन्हा पुन्हा शोषले जात असल्याने पोटातले विष धरून ठेवणारा सक्रिय कोळसा एकदाच देऊन भागत नाही, हे वाचल्यापासून तालुक्याच्या दवाखान्यात तो पावसाळ्यापूर्वी भरलेला असावा, असे मला फार वाटते.

याच संदर्भात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दुधी काटेरी वनस्पतीच्या बियांपासून मिळणारे सिलिबिनिन हे द्रव्य या विषावर आज माणसांनाही दिले जाते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बीगल जातीच्या कुत्र्यांना विषारी अळंबीची पूड देऊन त्यांतल्या काहींना सिलिबिनिन दिले गेले. ज्यांना ते मिळाले नाही अशा बारांपैकी चार कुत्री मेली, ज्यांना मिळाले त्यांतले एकही मेले नाही. माणसांच्या या उपचारामागे कुत्र्यांचे जीव खर्ची पडलेले आहेत, आणि आपल्या गावातल्या कुत्र्याला मात्र छत्रीच्या विषाचा संशयही नशिबात नाही.

तिसरी विनंती नोंदीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी आहे. तांबूच्या केसपेपरवर ‘विषबाधा’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्यापुढची कारणाची जागा कोरी आहे. ती कोरी जागा चुलत भावाच्या नावाने मी भरली. ‘अळंबीची शंका’ असे दोन शब्द तेथे लिहिले जाऊ लागले, तर दोन-तीन पावसाळ्यांत कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कशा प्रकारच्या जागेत हे घडते ते दिसू लागेल. मृत्यू झाला तर मालकाला शवविच्छेदनासाठी विचारावे, आणि यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाकडे तपासणीसाठी पाठवता येईल का, ते पाहावे. १८८६ पासून चालत आलेली ती संस्था आहे आणि आपल्यापैकी अनेकजण तेथेच शिकले असतील. छत्री ओळखण्यासाठी तर इतके लांब जाण्याचीही गरज नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या कोकणातच आहे, आणि बुरशीने होणारे आंब्याचे रोग ज्यांना कळतात त्यांना परसातल्या बुरशीचे वावडे नसावे. दवाखाना आणि विद्यापीठ यांच्यात या एका कामापुरता पत्रव्यवहार सुरू झाला, तर आपल्या दोन जिल्ह्यांतील धोकादायक छत्र्यांची चित्रांसह एक यादी तयार होऊ शकेल. ती दवाखान्याच्या दारावर मृगापूर्वी लागावी.

आता माझ्यासारख्यांसाठी, कारण सगळे काम आपल्यावर टाकणे बरे नव्हे. कुत्रा छत्री खाताना दिसला तर त्याच्या तोंडातले तुकडे बोटाने काढावेत आणि लगेच दवाखान्याला फोन करावा. लक्षणांची वाट पाहू नये. ओकवण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची आमच्याकडची पद्धत वाईट आहे, कारण त्या मिठानेच कुत्रा मरू शकतो. ताक, लिंबू, हळदीचे दूध यांनी वेळ जातो, विष जात नाही. ओकवायचे की नाही हे पशुवैद्यकाने ठरवावे. उरलेली छत्री हाताने न उपटता सुरीने बुंध्याखालची माती सोडवून पूर्ण काढावी, कारण अमॅनिटाच्या बुंध्याशी असणारी पिशवी जमिनीतच राहून जाते. ती कागदी पाकिटात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती दुपारपर्यंत चिखल होते. वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो घ्यावेत, शेजारी नाणे ठेवावे. गोगलगायीने खाल्लेली छत्री निर्धोक असते, चांदी काळी पडली नाही तर भीती नाही, या परीक्षा खोट्या आहेत. छत्र्या मारण्यासाठी बुरशीनाशक फवारू नये : वर दिसते ते फळ, मूळ बुरशी पातेऱ्यात आणि मातीत पसरलेली असते, आणि फवारलेले औषध कुत्र्याच्या पायांना आणि विहिरीच्या पाण्याला लागते. सकाळी कुत्रा सोडण्यापूर्वी परसात एक फेरी मारून उगवलेल्या छत्र्या काढून पुरणे एवढेच करता येते, आणि हाताला लागल्याने अपाय होत नाही.

गणपतीला मुंबई-पुण्याहून पाळीव कुत्री घेऊन येणाऱ्यांना वेगळे सांगितले पाहिजे. फ्लॅटमध्ये वाढलेले लॅब्रॅडॉरचे पिल्लू पहिल्यांदा ओल्या पातेऱ्यात उतरते तेव्हा त्याला प्रत्येक गोष्ट तोंडात घालायची असते, आणि काही विषारी छत्र्यांचा माशासारखा वास कुत्र्यांना ओढून नेतो. भाद्रपदात आमच्या परसात छत्र्या असतातच. त्या दहा दिवसांत तरी त्यांना दोरीशिवाय सोडू नये.

यंदा मृग लागल्यापासून मी रोज सकाळी ही फेरी मारतो आहे. परवा खळ्याच्या कडेला उगवलेल्या एका मोठ्या छत्रीची टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर पितळी पातेले झाकले. सकाळी पातेले उचलल्यावर कागदावर टोपीतून गळलेल्या बीजाणूंच्या भुकटीने पापुद्र्यांच्या रेषांची नक्षी उमटलेली होती, आणि ती भुकटी शेवाळासारखी हिरवट होती. शेजारी उभा असलेला चुलत भाऊ म्हणाला, “म्हणजे ही ती जुलाबाची.” फोटो मी त्याला दिवाळीनंतर नेऊन दाखवला होता, त्याने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता चहा ठेवायला सांगितला. आता फणसाखालची बाजू तो पाहतो, खळ्याची मी.

आतापर्यंत अकरा कागदी पाकिटे जमली आहेत. प्रत्येकावर तारीख, नक्षत्र, जागा आणि जवळचे झाड लिहिलेले आहे. छत्र्या चुलीवरच्या शिंकाळ्यात सुकवलेल्या आहेत आणि फोटो वेगळे ठेवले आहेत. ती दवाखान्यात कोणत्या वारी आणून द्यावीत आणि कोणाच्या हाती द्यावीत, एवढे कृपया कळवावे.

आपला नम्र,
राजापूर तालुक्यातील एक बागायतदार